साडेबारा टक्के, सहा अक्षरं

कळवा, गुरुवार, रात्री साडेअकरा

रॅपच्या वहीतल्या चार ओळी आधी आहेत तशा उतरवतो:

आजोबांची जमीन गेली
सरकारनं फसवणूक केली
पिढीमागून पिढी गेली
गरिबाची वाट लागली

दुःख खरं आहे, पण ओळीत जीव नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे गेली-केली-मेली हे यमक फुकट पडतं. फुकटचं यमक कानाला लगेच कळतं, दुसऱ्या ओळीलाच ऐकणारा पुढची ओळ स्वतः पूर्ण करतो. शिवाय या चार ओळींना पत्ता नाही. कुठली जमीन, किती, कुणी घेतली, बदल्यात काय कबूल केलं? यातलं काहीच नसल्यामुळे ही कैफियत कुठल्याही जिल्ह्यातल्या कुणाचीही होऊ शकते. खडतर बालपण सगळ्या रॅपरांच्या वहीत असतं. ते राजकीय कधी होतं, तर त्यात आकडा, खातं आणि तारीख येते तेव्हा.

नवी मुंबईच्या गावठाणातल्या पोराकडे हा आकडा जन्मापासून असतो. साडेबारा टक्के. १९७० ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरणच्या जासई भागात गोळीबार झाला, १६ आणि १७ तारखेला मिळून पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एकराचे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे, कपाती निराळ्या. घरात तीन पिढ्या हा शब्द भाकरीसारखा रोज तोंडात असतो आणि पोरगं गाणं लिहायला बसलं की नेमका तोच विसरतं.

आता मजा बघा. सा-डे-बा-रा-टक्-के, बरोबर सहा अक्षरं. तुकोबांच्या मोठ्या अभंगाचा एक चरण सहा अक्षरांचाच: ६-६-६-४. म्हणजे छंद दारातच उभा आहे. पहिला प्रयत्न असा:

साडेबारा टक्के
कागदात पक्के
दारोदारी धक्के
आजोबांचे

कागदावर अक्षरं बरोबर, तोंडात मात्र घोटाळा. अभंग गाताना आपण का-ग-दा-त असं चारही अक्षरं सुटी म्हणतो. बोलताना म्हणतो काग-दात, दोनच ठोके. रॅप बोलण्याच्या अंगानं जातो, म्हणून दुसरा चरण सहाऐवजी चारच ठोक्यांचा होतो आणि बीटवर लंगडतो. मराठी रॅपमध्ये सर्वांत जास्त ओळी इथेच पडतात. वहीतली अक्षरं मोजू नयेत, बोटानं टेबलावर वाजवून तोंडातले ठोके मोजावेत. ‘नकाशावर पक्के’ केलं की लिहिताना सात अक्षरं होतात, पण म्हणताना न-का-शा-वर-पक्-के, नेमके सहा ठोके. अर्थही सुधारतो, कारण भूखंड नकाशावरच तर पक्का असतो.

बीट ९० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला नव्वद मात्रांची धरली तर एक बार, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, २.६७ सेकंदांचा, त्यात सोळा घरं. स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक ठोका, पाचव्या आणि तेराव्या घरात. पहिल्या घरापासून ‘साडेबारा’ सुरू केलं की ‘टक्’ पाचव्यात, थेट स्नेअरवर. दोन घरं सोडून नवव्यापासून ‘नकाशावर’, मग ‘पक्’ तेराव्यात, पुन्हा स्नेअरवर. ‘कागदात’ असताना ‘पक्’ अकराव्यातच येऊन गेलेला असतो, स्नेअर मागून एकटा वाजतो. ते लंगडणं म्हणजे एवढंच. दुसऱ्या बारात ‘धक्’ पाचव्यात. ‘आजोबांचे’ नऊ ते बारा, आणि तेराव्याला तोंड बंद, नुसता स्नेअर. तिथे हलगीची एक थाप घातली तर उत्तम, आणखी शब्द कोंबले तर सत्यानाश. पहिल्या बारात चार घरं मोकळी, दुसऱ्यात सहा. श्वास तिथेच घ्यायचा. नवखे सोळाही घरं भरतात आणि अकराव्या-बाराव्या बारला धाप लागते. सोळा बार म्हणजे सलग त्रेचाळीस सेकंद बोलायचं असतं.

आपल्याकडे रॅप न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सहून आलं असं सरसकट म्हणतात. ११ ऑगस्ट १९७३ ची तिथल्या डीजे कूल हर्कची पार्टी हिपहॉपचा वाढदिवस म्हणून मानतात, ते ठीक. पण अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं ते १९४४ ला. वाटेगावहून चालत मुंबईला आलेल्या अण्णाभाऊंनी गिरणगावाला हातात डफ घेऊन राजकारण सांगितलं. त्यांची मुंबईवरची गाजलेली छक्कड सुरू होते गावी राहिलेल्या बायकोच्या विरहानं, आणि पोचते संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत. आधी घर, मग मागणी. उलटं केलं की भाषण होतं. जुनी शाहिरी सॅम्पल करायचा, म्हणजे तिचा तुकडा उचलून गाण्यात घालायचा मोह होतो तेव्हा एक हिशोब ठेवावा: शब्दांवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, म्हणजे अण्णाभाऊंच्या बाबतीत २०२९ संपेपर्यंत, लोककवी वामनदादा कर्डकांच्या बाबतीत २०६४ संपेपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा मोजायचा.

आकडा ऐकीव असेल तर गाण्यात घालू नये. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. रॅपरला याहून चांगली शिकवणी नाही. अर्जात व्यक्तीऐवजी पदाचं नाव घ्यायचं, गाण्यातही तेच बरं. बदनामीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. इथून जवळच, अंबरनाथला, एप्रिल २०२३ मध्ये खोक्यांवरच्या एका मराठी रॅपवर गुन्हा दाखल झाला होता. घाबरून लिहू नये, पण प्रत्येक ओळीमागचा कागद फाइलला लावलेला असावा.

दिघा किंवा तुर्भ्याच्या डोंगरउतारावर, खदानीजवळ वाढलेल्या पोरानं मात्र साडेबारा टक्के उसने घेऊ नयेत. त्याच्या घरची जमीन इथे गेलेली नाही, त्याचे आईबाप इथे दगड फोडायला आलेले. त्याचा आकडा पाण्याच्या हंड्यांचा, घरावर लागलेल्या नोटिशीच्या तारखेचा.

रेकॉर्डिंग. दहा बाय दहाच्या खोलीत, रुळांजवळ, महागडा कंडेन्सर माइक घेऊन उपयोग नाही. तो शेजारच्या कुकरची शिट्टीही प्रेमानं टिपतो. साधा डायनॅमिक माइक, स्टेजवरच्या एसएम ५८ च्या जातीचा, बरा. गोधडी माइकच्या मागे टांगतात, ते चुकतं. हा माइक मागून जवळजवळ बहिरा असतो, त्याला ऐकू येते ती म्हणणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. गोधडी तिथे, पाठीमागे. तोंड माइकपासून चार-पाच बोटं, आणि माइक ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका, नाहीतर ‘पक्के’चा प आणि ‘भूखंड’चा भ फटाक्यासारखे फुटतात. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे बारा ते उणे सहा डेसिबलमध्ये राहावा. पंखा बंद. शेवटची लोकल गेली की पहिली सुटेपर्यंतचा वेळ आपला. दुहेरी आवाज, म्हणजे तेच शब्द पुन्हा म्हणून वर चढवणं, फक्त टक्के, पक्के, धक्के यांवर, तोही दबका. अख्खं कडवं दुहेरी केलं की शब्द पुसट होतात, आणि या गाण्यात शब्द पुसट झाले तर उरलं काय?

चौकात म्हणायचं असेल तर माइक स्पीकरला ब्लूटूथनं जोडू नये. आवाज थोडा उशिरा पोचतो, प्रत्येक स्पीकरचा उशीर वेगळा, आणि घरी सरावलेला ‘टक्’ स्नेअरनंतर पडतो. सरळ वायर लावावी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदच.

दुसरं कडवं अडलंय ते शेवटच्या चरणावर. सा-त-बा-रा, कागदावर चार अक्षरं, चौथ्या चरणात चपखल, तोंडात मात्र सात-बा-रा, तीनच ठोके. यमकाला वारा, चारा, पसारा असलं नेहमीचंच सुचतंय. शेतसारा? तेही तोंडात तीनच ठोके, पण भरल्याच्या जुन्या पावत्या घरोघरी ट्रंकेत असतात. त्यातल्या एखाद्या पावतीवरचं साल मिळालं तर आधीचे तीन चरण त्या सालावर बांधता येतील.