तुम्ही विचारलंत म्हणून : प्रवासालाही आणि रोजलाही चालेल अशी एकच सॅक

“विमानात हातात नेता येईल, एरवी ऑफिसलाही वापरता येईल आणि दोन वर्षांत पुन्हा घ्यावी लागणार नाही, अशी एकच सॅक कोणती घेऊ?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे. विचारणाऱ्यांत पुण्याला नोकरी करून सुटीला सोलापूरला येणारी भाचेमंडळी असतात, मालाच्या कामासाठी मुंबईच्या फेऱ्या मारणारे व्यापारी असतात, आणि मुलाकडे परदेशी निघालेल्या मैत्रिणीही असतात. मला विचारण्याचे कारण एवढेच की, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, नमुने घेऊन मला सतत फिरावे लागते, आणि कोणतेही कापड हातात आले की त्याची वीण पाहिल्याशिवाय मला ते खाली ठेवता येत नाही.

माझे उत्तर लिटरने नव्हे, किलोने सुरू होते. देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातल्या बॅगेसाठी साधारणपणे ७ किलोंची मर्यादा असते आणि बॅगेचे माप ५५ × ३५ × २५ सेंमीच्या आत, म्हणजे तिन्ही बाजूंची बेरीज ११५ सेंमीच्या आत असावी लागते. एवढ्या मापाचा खोका ४८ लिटरांचा होतो. त्यामुळे ४० लिटरची सॅक ‘केबिनला चालते’ असे दुकानदार सांगतात आणि ते खोटेही नसते. पण तिच्यात जर ७ किलोच भरायचे असतील, तर उरलेल्या जागेसाठी पैसे का मोजावेत आणि ती पाठीवर का वागवावी? इंटरनेटवर ४० आणि ४५ लिटरच्या सॅकची जी शिफारस वाचायला मिळते, ती बरीचशी अमेरिकेतल्या प्रवाशांनी केलेली असते. तिथल्या अनेक विमान कंपन्या हातातल्या बॅगेचे माप पाहतात, वजन पाहत नाहीत. आपल्याकडे काउंटरवरचा काटा आधी बोलतो.

हिशोब करून पाहावा. लॅपटॉप १.५ किलो, त्याचा चार्जर आणि वायरी ४०० ग्रॅम, २०,००० एमएएचची पॉवर बँक आणखी ४०० ग्रॅम, तीन दिवसांचे कपडे २ किलो, औषधे आणि आंघोळीचे सामान अर्धा किलो, चपलांचा एक जोड अर्धा किलो, एवढ्यातच ५.३ किलो झाले. उरलेल्या १.७ किलोंत सॅकचे स्वतःचे वजनही बसवायचे असते. जाड फोम, लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या आणि डझनभर कप्पे असलेली मोठी सॅक रिकामीच १.६ ते १.८ किलो भरते, म्हणजे एकही जादा वस्तू न घेता मर्यादा संपते. १ किलोची सॅक घेतली तर ७०० ग्रॅम हाताशी राहतात. ७० × १४० सेंमीचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणारा) आंघोळीचा टॉवेल ४९० ग्रॅमचा असतो. माझ्या कामात याचा अर्थ ग्राहकाला दाखवायला एक पूर्ण नमुना जास्त नेता येतो. म्हणून कोणी फारच घाईत विचारले तर मी सांगते की २६ ते ३० लिटर, रिकामे वजन १.२ किलोच्या आत आणि उंची ४८ सेंमीपर्यंत.

उंचीचा मुद्दा बहुतेकांना सुचत नाही, आणि बायकांना तो सर्वांत आधी सुचायला हवा. ५५ सेंमी उंचीची सॅक पाच-सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीच्या पाठीवर कमरेच्या खाली उतरते, चालताना मागे आपटत राहते आणि स्कूटरवर बसले की सीटवर टेकून खांद्याचे पट्टे वर ढकलते. सोलापुरात रोजचा वापर म्हणजे दुचाकीवरचा वापर, हे गृहीतच धरावे. जुळे सोलापूरहून निघून सात रस्त्यावरून नव्या पेठेत जायचे तर सॅक पाठीलाच असणार, आणि ती शरीराच्या रुंदीबाहेर गेली तर गर्दीत दुसऱ्याच्या हँडलला अडकणार. कमरेचा रुंद पट्टा डोंगर चढणाऱ्यांना हवा असतो, कारण त्यांच्या पाठीवर बारा-पंधरा किलो असतात. ७ किलोंना छातीवरचा बारीक पट्टा पुरतो. पाठीकडच्या बाजूला जाळीदार कापडाखाली हवा खेळेल असे खाचे असावेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की सदरा भिजणारच, त्याला इलाज नाही. पण सपाट रेक्झिनची पाठ असेल तर भिजलेला सदरा वाळतही नाही.

आता प्रवासाकडे वळते. २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून आधी गोव्याला आणि नंतर मुंबईला विमाने सुरू झाल्यापासून हा प्रश्न विचारणारे वाढले आहेत. गोव्याला जाणारे विमान एटीआर ७२ जातीचे, पंख्यांचे आहे. त्यातले डोक्यावरचे कप्पे मोठ्या एअरबस किंवा बोइंगपेक्षा लहान असतात, त्यामुळे मापात बसणारी पण कडक पाठीची, फुगलेली बॅग शिडीपाशी काढून घेऊन खालच्या सामानात टाकली जाण्याची शक्यता असते. अशी वेळ आली तर पॉवर बँक बाहेर काढून स्वतःजवळ ठेवावीच लागते, कारण सुटी लिथियम बॅटरी खालच्या सामानात चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची ७४ वॅट-तासांची असते, तेव्हा तिची काळजी नको. तिच्यासाठी वरच्या बाजूला, पटकन हात जाईल असा एक छोटा कप्पा मात्र हवा. लॅपटॉपचा कप्पाही स्वतंत्र चेनीचा आणि पाठीलगत असावा, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये लॅपटॉप ठेवताना घड्या घातलेले कपडे जगाला दाखवावे लागत नाहीत.

पण आपला खरा प्रवास रेल्वेचाच आहे, आणि सॅक निवडताना सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचा आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचा विचार विमानापेक्षा जास्त करावा. सुटकेससारखी पूर्ण उलगडणारी सॅक हॉटेलच्या पलंगावर फार सोयीची असते. परंतु साइड लोअर बर्थवर, दिवे मालवल्यावर, ती उलगडायला जागा नसते आणि औषधाची एक गोळी काढताना सगळे सामान मांडीवर येते. म्हणून मला अर्धी उघडणारी, म्हणजे दोन्ही बाजूंनी चेन निम्म्यापर्यंत खाली येणारी रचना पसंत आहे; उभी ठेवूनही तळापर्यंत हात जातो. बर्थखालची फरशी कधी ओली असते, कधी चिकट, तेव्हा तळाचे कापड दुहेरी आणि गडद असावे. वरची उचलायची मूठ अशी शिवलेली असावी की तिच्यातून साखळी ओवून कुलूप लावता येईल.

कापडाविषयी सोलापूरकरांना समजावणे सोपे जाते, कारण सूत हा विषय इथे घरचाच आहे. सॅकच्या चिठ्ठीवर ‘६०० डी’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ज्या धाग्याची ९,००० मीटर लांबी ६०० ग्रॅम भरते असा धागा, ६०० डेनियरचा. आपल्या सुती धाग्याचा नंबर नेमका उलटा चालतो: नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, डेनियर जितके मोठे तितका धागा जाड. ६०० डेनियरचा धागा आपल्या हिशोबात साधारण ९ नंबरच्या सुताएवढा पडतो आणि २१० डेनियरचा २५ नंबरच्या. पण केवळ मोठा आकडा पाहून कापड मजबूत समजणे चुकीचे आहे, जसे केवळ जीएसएम पाहून टॉवेल चांगला ठरवता येत नाही. धागा कशाचा आहे, वीण किती घट्ट आहे आणि आतून लेप कशाचा आहे, या तिन्हींवर कापडाचे आयुष्य ठरते. नायलॉन घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकते, त्यामुळे ४२० डेनियरचे चांगले नायलॉन हलके असूनही ६०० डेनियरच्या सामान्य पॉलिएस्टरला सहसा मागे सारते. उन्हापुढे मात्र पॉलिएस्टर अधिक तग धरते. ज्यांची सॅक दिवसभर स्कूटरवर किंवा गाडीच्या मागच्या काचेपाशी तापत पडणार आहे, त्यांनी पॉलिएस्टर घेतले तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. चौकडीची बारीक नक्षी दिसणारे रिपस्टॉप कापड असते, त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात आणि फाटलेली जागा त्या धाग्यांपाशी अडते. पातळ आणि हलक्या कापडाला ती वीण आवश्यकच समजावी.

लेपाबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पाणी अडवण्यासाठी कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. दमटपणा आणि उष्णता यांमुळे हा थर काही वर्षांनी सुटतो, आधी चिकट होतो आणि मग त्याचे पापुद्रे निघतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकलेली सॅक वापरातल्या सॅकपेक्षा आधी खराब झालेली दिसते, ती यामुळेच. तिला मोकळ्या हवेत, सावलीत टांगून ठेवावे आणि धुण्याच्या यंत्रात कधीही टाकू नये. शिवाय कापड पाणी अडवत असले तरी शिलाईच्या सुईची भोके आणि चेन पाणी आत सोडतात. सोलापूरच्या पावसाला एवढे चालून जाते, पण जुलैत मुंबईला किंवा गोव्याला जाणार असाल तर वरून घालायचे आवरण सोबत हवेच.

बहुतेक सॅक कापड फाटून नव्हे, तर चेन बिघडून किंवा पट्टा उसवून निकामी होतात, आणि तरीही दुकानात या दोन गोष्टी कोणी तपासत नाही. चेनीवर ५, ८, १० असे नंबर असतात. तो आकडा म्हणजे बंद चेनीच्या दात्यांची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची आणि बाहेरच्या खिशांना ५ नंबरची चेन ठीक असते. जपानच्या वायकेके कंपनीचे नाव रनरवर असले तर ती चांगली खूण आहे, जरी नकली माल बाजारात भरपूर असला तरी. चेन बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दाते शाबूत असतात आणि केवळ रनरचा जबडा सैल झालेला असतो. बॅग दुरुस्त करणारा कारागीर तेवढा रनर बदलून देतो आणि सॅक पुढची काही वर्षे चालते. आपल्या धुळीत जुन्या टूथब्रशने दाते अधूनमधून साफ केले तर रनर बदलण्याची वेळही उशिरा येते. पट्ट्यांसाठी सॅक उलटी धरून, खांद्याचा पट्टा जिथे पाठीत शिरतो तिथे जोर लावून ओढून पाहावे. तिथे चौकटीत फुली मारलेली किंवा एकावर एक दाट टाके घातलेली शिलाई दिसली पाहिजे. मग आतला भाग उलटा करून कडा पाहाव्यात. त्या पट्टीने बांधलेल्या असल्या तर कारखान्याने काम मनापासून केले आहे, आणि मोकळे धागे लोंबत असले तर बाहेरची नक्षी कितीही देखणी असो, तिथून उठावे.

कप्प्यांची संख्या हा विक्रीचा मुद्दा आहे, वापराचा नाही. प्रत्येक कप्पा म्हणजे जादा कापड, जादा चेन आणि जादा वजन. एक मोठा, एक लॅपटॉपचा, एक वरचा छोटा आणि दोन्ही बाजूंना १ लिटरची बाटली खरोखर राहील असे दोन खोल खिसे, एवढे पुरते. लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळाला टेकता कामा नये. दोन बोटे वर लोंबता असावा, नाहीतर सॅक जमिनीवर ठेवताना बसणारा प्रत्येक धक्का यंत्राला लागतो. आतले अस्तर फिक्या रंगाचे असावे, कारण काळ्या अस्तरात काळी वायर शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. बाहेरून दिसणाऱ्या यूएसबीच्या छिद्राला मी काडीची किंमत देत नाही. ती एक साधी वायर असते, वीज तुमच्याच पॉवर बँकेतून येते.

एवढे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाहुण्यांसाठी सोलापुरी चादरी न्यायच्या असतील तर? त्या या सॅकमध्ये नेऊ नयेत. चांगली जाड चादर किलोभर तरी भरते, दोन घेतल्या की वर मांडलेला सगळा हिशोब कोलमडतो, आणि दोन चादरींसाठी म्हणून वर्षभर मोठी सॅक पाठीवर वागवणे शहाणपणाचे नाही. तिकिटात चेक-इनचे १५ किलो धरलेले असतील, तर चादरी आणि तेल सुटणारा शेंगा चटणीचा डबा एका साध्या कापडी बॅगेत घालून तिकडे द्यावा. रेल्वेने जाणाऱ्यांना तर तीही अडचण नाही. चादर बर्थवर पसरून झोपावे आणि उतरताना घडी घालून हातात घ्यावी.