११ तास २० मिनिटं

आमच्या घरात पायलट माझ्या आधीपासूनच आहे. पप्पा मिरजेला लोको पायलट होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. बारावीनंतर मी गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलचं नाव काढलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. पप्पांनी मात्र एकच चौकशी केली, "गोंदियाला थेट गाडी आहे ना?" आहे. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर करत थेट गोंदियाला जाते, तीही एका दिवसात नाहीच. त्या गाडीत मी मीटिऑरॉलॉजीचं, म्हणजे हवामानशास्त्राचं, अख्खं पुस्तक दोनदा वाचलंय.

हल्ली रोज कुणी ना कुणी विचारतं, "दोनशे तास उडवले की मिळतं ना कमर्शियल पायलटचं लायसन्स?" दोनशे हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्या दोनशेच्या पोटात काय काय लागतं ते कुणी विचारत नाही, आणि मी तिथेच आपटले.

दोनशेतले शंभर तास पायलट-इन-कमांड (पीआयसी) हवेत, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. त्यातले वीस क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे. रात्रीचे पाच, आणि त्यात दहा टेकऑफ, दहा लँडिंग. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडायचे, दहा, आणि पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंगला गेलं की तेच चाळीसवर जातात. शिवाय एक लांबची फेरी: किमान ३०० नॉटिकल मैल, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं.

बिरसी म्हणजे गोंदियाचा विमानतळ. आमची फेरी म्हणजे बिरसी-नागपूर-रायपूर-बिरसी असा त्रिकोण. नकाशावर मोजला तर ३०० च्या जेमतेम वर भरतो. आदल्या रात्री मी तीनदा मोजला, कारण २९९ भरले तर सगळी फेरी वाया.

नागपूरला फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, एक एअरबस येत होती म्हणून मला लांबच ऑर्बिट करायला लावलं. काचेच्या छताखाली एप्रिलचं ऊन, पाठीला चिकटलेला शर्ट, आणि मी गोल गोल फिरतेय. उतरले तर समोर ३२०० मीटरचा रनवे. माझं चिमुकलं डायमंड विमान त्यातल्या पाचशेत थांबलं, मग बाकीचा रस्ता रिक्षासारखा कापत बसले आणि टॉवरवाले "लवकर बाहेर पडा" म्हणत राहिले.

खरी गंमत रायपूरहून परतताना झाली. या वाटेवर हावडा-मुंबई लाइन डाव्या हाताला, बऱ्यापैकी दक्षिणेला राहते. डोंगरगडच्या आसपास ती चांगली दहा-बारा मैल लांब दिसायला हवी होती. पण रूळ जवळ सरकायला लागले. रूळ तर सरकत नाहीत, म्हणजे सरकत होते मी. उत्तरेचा वारा हवामानाच्या कागदात होता त्यापेक्षा जोरात होता. चाळीस मैल झाले होते आणि मी ठरलेल्या रेषेच्या चार मैल डावीकडे होते. साठाला एक हा आमचा पाढा: साठ मैलांत एक मैल भरकटलात तर एक अंश. चाळीसात चार, म्हणजे सहा अंश. मी बारा अंश उजवीकडे वळवलं आणि बिरसीचा रनवे नाकासमोर आला.

हे घरी फोनवर सांगितलं तर पप्पा म्हणाले, "मग रूळ धरून यायचं की! सरळ गोंदियात आली असतीस."

तर माझे दोनशे तास वेळेत झाले. पुढे मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं. अडकलं ते आरटीआरला, म्हणजे रेडिओच्या परीक्षेला. तोंडी परीक्षेत "मेडे" तीनदा म्हणाले, कॉलसाइन सांगितला, काय बिघडलंय ते सांगितलं आणि विमानात किती माणसं आहेत ते सांगायचं राहिलं. पुढचेही दोन प्रश्न गेले. नापास. पुढच्या परीक्षेपर्यंत थांबणं आलं. पास झाले, निकाल हातात पडला, अर्ज भरायला घेतला, आणि मग तो रकाना नीट वाचला: पीआयसीच्या तासांपैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत.

माझे निघाले बारा. शेवटच्या महिन्यांत मी उडत होते, नाही असं नाही, पण ते सगळं डबल इंजिनवर, शेजारी इन्स्ट्रक्टर. ते तास ड्युअल. एकूण बेरजेत धरतात, पीआयसीत नाही. नियम पहिल्या दिवसापासून छापील होता, कुणी लपवला नव्हता. मीच दोनशेचा आकडा धरून बसले होते.

वही घेऊन मिरजेला आले. वाटलं पप्पा धीर देतील. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि लॉगबुकचं एकेक पान खालून वर बेरीज करत सुटले. नोकरीभर ड्युटीचे तास असेच तपासायची सवय. पाऊण तासाने एका पानावर बोट ठेवलं. "हे बघ. ५० आणि ५० मिनिटं किती?" मी म्हटलं, "एक चाळीस." "तू दोन वीस लिहिलंयस." तिथून पुढे प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढे नेले'मध्ये ती ४० मिनिटं माझ्याबरोबर फुकट उडत होती. म्हणजे बाराही नाहीत. ११ तास २० मिनिटं.

मी रडकुंडीला आले. पप्पा शांत. "नियम बरोबरच आहे. आम्हीसुद्धा तीन महिने एखाद्या सेक्शनवर गाडी नेली नाही तर पुन्हा रोड लर्निंग करायचो. तीस वर्षं चालवली असली तरी. सिग्नल तोच असतो, आपण तेच राहिलेले नसतो." वर आणखी, "पैसे कुणाकडे मागायचे ते मला माहीत आहे, तू तिकीट काढ." (मामाकडे मागितले. मामाला अजून वाटतं ते गणवेशासाठी होते.)

उरलेले तास उडवायला गेले आणि पहिल्याच दिवशी कळलं की पप्पांचं खरं आहे. सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या सरावाच्या फेरीत, फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) उशिरा झाला, विमान टणकन आपटून परत वर उठलं, मी गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेले. हात गंजले होते. चौथ्या लँडिंगला कुठे चाकांचा आवाज जरा सभ्य आला.

आता लायसन्स आहे, आणि एअरलाइनच्या ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे नवख्या को-पायलटच्या, भरतीची तयारी सुरू आहे. लेखी, मग कॉम्प्युटरवरची चाचणी, ज्यात एका हाताने जॉयस्टिक सांभाळायची आणि कानात आकडे येत असतात ते लक्षात ठेवायचे, मग मुलाखत. लेखीचं कोचिंगवाले घोकून घेतात, त्याबद्दल मी काही वेगळं सांगणार नाही. तोंडी हिशेबाला मात्र पर्याय नाही. ३५ हजार फुटांवरून ५ हजारांवर यायचं तर तीस गुणिले तीन, नव्वद मैल आधी उतरायला लागा. ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग, तासाला ४२० नॉटिकल मैल असेल तर पाचने गुणा, मिनिटाला २१०० फूट. आई मंडईतून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी मला एक गणित घालते. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळत नाही, पण मी किती वेळ घेतला ते ती बरोबर सांगते.

मुलाखतीचा सराव एका निवृत्त कॅप्टनांकडे करते. मी जेट इंजिनं पाठ करून गेले होते. त्यांनी माझं लॉगबुक मागितलं, चाळलं, रायपूरच्या ओळीवर थांबले. "चार मैल डावीकडे होतीस म्हणतेस. सहा अंश भरकटली होतीस तर बारा का वळवलं? सहा का नाही?"

हे मला येत होतं, कारण ते मी केलं होतं. सहा दिले असते तर नुसती रेषेला समांतर गेले असते आणि बिरसी चार मैल उजवीकडे राहिली असती. आणखी सहा परत रेषेवर यायला. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं, "मग वाटेत रेषेवर आली असतीस तर?" "सहा काढून टाकले असते, सर." मग पान उलटून रात्रीच्या लँडिंगांवर आले, आणि तिथे मी दोनदा अडखळले. आता रोज रात्री लॉगबुकची दोन पानं वाचते आणि प्रत्येक ओळीला स्वतःच विचारते, वारा कुठला होता, रनवे कुठला, परत का आलीस.

परीक्षा पुढच्या महिन्यात, दिल्लीजवळ. मी विमानाची तिकिटं बघत होते. पप्पांनी कपाटातून रिटायरमेंटचा पास काढून टेबलावर ठेवला. गोवा एक्स्प्रेस मिरजेला थांबते, थेट निजामुद्दीन. ते सोबत येणार आहेत, आणि पेन्सिलही घेणार आहेत.