चार फटके आणि एक ईमेल

रविवार, रात्र

गोल्फपटू लेक्सी थॉम्प्सनचं २०१७ चं प्रकरण अजूनही पचत नाही. कॅलिफोर्नियातल्या रँचो मिराजची एएनए इन्स्पिरेशन स्पर्धा. शनिवारी १७ व्या होलवर फूटभराचा पट (चेंडू खड्ड्यात ढकलण्याचा हलका फटका) उरलेला. तिने खूण ठेवून चेंडू उचलला आणि परत ठेवताना जेमतेम इंचभर सरकवून ठेवला. तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने स्कोअरकार्डवर सही केली, दिवस संपला. रविवारी टीव्हीवर सामना पाहणाऱ्या कुणीतरी ईमेल केली. लेक्सी तेव्हा आघाडीवर होती. १२ वा होल संपल्यावर तिला सांगितलं, चार फटके दंड, म्हणजे तिच्या फटक्यांच्या मोजणीत चार जादा; गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याचे, दोन, तो दंड न धरलेल्या म्हणून चुकीच्या ठरलेल्या स्कोअरकार्डवर सही केल्याचे. रडत रडत खेळली, शेवटच्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारून बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळात, सो यन ऱ्यूकडून हरली.

पहिले दोन फटके मला मान्य आहेत. चेंडू होता तिथेच ठेवायचा, यात सूट नको. पण पुढचे दोन निव्वळ उशिराचे. शनिवारी सही करण्याआधी कुणी बोललं असतं, तर ते लागलेच नसते. शिवाय कॅमेरे आघाडीवरच्यांच्या मागे फिरतात. सकाळी लवकर खेळायला सुटलेल्या, गुणतक्त्यात मागे पडलेल्या खेळाडूचा इंचभर कोण पाहतो?

२०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी बंद झाल्या, प्रक्षेपणावर नजर ठेवायला नियम-अधिकारी नेमले गेले. दंडाची कल्पना नसताना सही केली, तर स्कोअरकार्डचे जादा दोन फटकेही गेले. व्हिडिओ मात्र राहिला. नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं असं काही त्यात सापडलं, तर ते धरत नाहीत. हे योग्यच झालं.

वेळेचं दुखणं मात्र वेगळं. २०१६ च्या यूएस विमेन्स ओपनच्या प्लेऑफमध्ये ॲना नॉर्डक्विस्टचा क्लब (गोल्फची काठी) बंकरमधल्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातल्या, काही कणांना लागला; फटक्याआधी तसा स्पर्श चालत नाही. दिसलं ते फक्त कॅमेऱ्यात, अगदी जवळून. दोन फटके दंड. तिला तो कळला शेवटच्या होलवर तिसरा फटका मारून झाल्यावर. प्रतिस्पर्धी ब्रिटनी लँगला मात्र स्वतःचा तिसरा फटका मारायच्या आधी. एकीने अंधारात मारला, दुसरीने गणित माहीत असताना. अशा वेळी अधिकाऱ्याने आधी खेळ थांबवावा, दोघींना एकत्र सांगावं, मगच पुढचा फटका मारू द्यावा.