आधी बूट उलटा कर

आम्ही कोल्हापूरचे. पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांची मॅच असली की घरी जेवणाची ताटं निवायची, तरी वाद संपायचा नाही. दादा शाहू स्टेडियमवर खेळायचा. घरी आला की आधी बुटांची माती खरवडून काढायचा, मग आंघोळ. इथे न्यू जर्सीत त्याच बुटांना ‘क्लीट्स’ म्हणतात, आणि मार्च लागला की स्प्रिंग सीझनसाठी आईबापांची दुकानात एकच गर्दी होते.

माझी लेक नऊ वर्षांची. तिला हवा होता नायकेचा मर्क्युरियल. दुकानात तो एक बूट नव्हताच, एकाच नावाचे तीन होते. रंग तोच, खूण तीच. एक पन्नास डॉलरच्या आसपास, एक त्याहून थोडा वर आणि एक शंभरच्या पुढे. फरक कळतो तो नावाच्या शेपटात: क्लब, अकॅडमी, प्रो आणि सगळ्यात वर एलिट. आदिदासमध्ये क्लब, लीग, प्रो, एलिट. प्युमात प्ले, मॅच, प्रो, अल्टिमेट. टीव्हीवर खेळाडूंच्या पायात दिसतो तो सगळ्यात वरचा. खालचे त्याच रंगरूपाचे, पण वेगळ्या मालाचे.

हातात घेतले की फरक लगेच जाणवतो. क्लबचं वरचं सिंथेटिक जाड, तळही कडक. अकॅडमीत ते जरा मऊ होतं, टाचेला पकड बरी येते. प्रो आणि एलिट हलके, पातळ, मोज्यासारखे बसणारे. पण तो पातळपणा चेंडू पायाला जाणवावा म्हणून असतो, वर्षभर टिकावं म्हणून नव्हे. लेकीचा पाय वर्षभरही एका मापात राहत नाही.

मी तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला. किंमत त्याने विचारलीच नाही. म्हणाला, “अगं, आधी बूट उलटा कर. पोरगी खेळणार कशावर?”

खरी गोम तिथेच होती. तिच्या क्लबची प्रॅक्टिस कृत्रिम गवताच्या टर्फवर होते; घरी आली की मोज्यांतून रबराचे काळे दाणे सांडतात. मॅचेस मात्र खऱ्या गवतावर. तळ कुठल्या मैदानाचा, ते दोन इंग्रजी अक्षरांत सांगतात. एफजी म्हणजे घट्ट मातीच्या गवती मैदानासाठी. त्याचे लांब स्टड, म्हणजे तळावरचे खुंट, टर्फमध्ये रुततात, पाय जागच्या जागी अडकतो आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर, घोट्यावर येतो. एजी कृत्रिम गवतासाठी, त्याचे स्टड आखूड आणि संख्येने जास्त. टीएफला तर स्टड नसतातच, तळभर रबराचे बारीक दाणे असतात. एमजी दोन्हीकडे चालतो, आणि गंमत म्हणजे तो स्वस्तातल्या पायऱ्यांवरच सहज मिळतो. बेसबॉलचे क्लीट्सही शेजारीच मांडलेले असतात. पुढे बोटापाशी एक जादा स्टड दिसला की ते सॉकरला, म्हणजे आपल्या फुटबॉलला, घेऊ नयेत.

आम्ही अकॅडमी घेतला, एमजी तळाचा. माप घेताना तिला शिनगार्ड (नडगीवरचं कवच) आणि जाड मोजे घालूनच उभं केलं, अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी जागा ठेवली. “पुढच्या वर्षी पण होईल” म्हणून मोठं माप घ्यायची आपली सवय मला इथे मोडावी लागली. पाय आत सरकला की टाच सोलते आणि मूल पळताना कचरतं. इथल्या मापांत एक खोच आहे: लहान मुलांचे आकडे तेराच्या पुढे पुन्हा एकपासून सुरू होतात, तेव्हा आजीआजोबांना भारतातून बूट पाठवायचे असतील तर नुसता आकडा सांगू नका, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा.

हा पैसा वाचवण्याचा हट्ट नाही. लेक तेरा-चौदाची झाली, पाय वाढायचा थांबला आणि आठवड्यातून चार दिवस मैदानावर असली, तर प्रोसाठी मी आनंदाने पैसे मोजीन. आज तिला चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थांबवायला शिकायचंय, ते अकॅडमीत नीट होतं.

पहिल्या शनिवारी पाऊस होऊन गेला होता. मॅच संपल्यावर तिने मामाला कॉल लावला आणि स्वतःचा चेहरा दाखवण्याआधी चिखलाने भरलेला तळ कॅमेऱ्यासमोर धरला.