एल्सा कोण, ॲना कोण

तीन दिवस झाले, ताईची ती व्हॉइस नोट मी डिलीट पण करत नाहीये आणि उत्तर पण देत नाहीये. दोन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. आधी नुसता मिक्सर, मग धाकट्यावर ओरडणं, मग आईच्या गोळ्यांचं नेहमीचं, आणि शेवटी फोन ठेवता ठेवता हसत, "आणि तुला एल्साचा एवढा कसला गं राग, एल्सा तर तूच होतीस."

झालं. संपली नोट.

विषय काय होता तर फ्रोझन २, डिस्नेचा तो दोन बहिणींचा कार्टून सिनेमा, थोरली एल्सा जिच्या हातातून बर्फ निघतो आणि धाकटी ॲना, त्याचा दुसरा भाग. रविवारी दिवसभर पाऊस, लेकीने तो कितव्यांदा तरी लावला आणि मग तिला काय सुचलं कोण जाणे, माझा फोन घेऊन घरच्या ग्रुपवर टाकलं की पहिला भारी का दुसरा, सगळ्यांनी मत द्या. एरवी त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं आणि कोणाच्या तरी ऑपरेशनच्या तारखा असतात. पण या प्रश्नावर माणसं तुटून पडली. मामेभाऊ म्हणे दुसरा म्हणजे कालच्या आमटीत पाणी घालून वाढवलेलं प्रकरण. वहिनीला गाणी आवडली नाहीत, 'लेट इट गो' ऐकून ऐकून कान किटले होते तरी निदान तोंडात बसलेलं, आता 'इंटू द अननोन' कोण गुणगुणतंय. (मी गुणगुणते. बोलले नाही.) ताईच्या मोठ्याने लिहिलं की दुसराच बेस्ट, एल्सा समुद्राच्या लाटांवर धावत जाते आणि तो पाण्याचा घोडा तिला खाली ओढतो, तसं काही पहिल्यात दाखवा. आत्याने तर सरळ लिहिलं, दोघी बहिणी शेवटी एका घरात राहिल्या असत्या तर कोणाचं काय बिघडलं असतं. आत्याने सिनेमा पाहिलाय हीच मला बातमी होती.

मग मी लिहिलं. लिहायला नको होतं. मी लिहिलं की आत्याचं शंभर टक्के बरोबर आहे, पहिला अख्खा सिनेमा ती ॲना बंद दारावर टकटक करत राहते, बर्फ तुडवत बहिणीला शोधायला जाते, स्वतः गोठते, आणि एवढं करून दुसऱ्याच्या शेवटी एल्सा जंगलात राहणार आणि ॲनाने राज्य सांभाळायचं, मग पहिल्याला अर्थ काय उरला. आणि ती बर्फाची होडी! चांगली बरोबर आलेली बहीण, तिला होडी करून त्यात बसवून दिलं ढकलून, का तर तुझ्या जिवाला धोका. कोणी विचारलं का तिला? तीन उद्गारचिन्हं टाकली होती मी. आत्याने अंगठा दिला. ताईने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, रात्री ही नोट.

तसं हे माझं मत आत्ताचं नाही. २०१९ ला नोव्हेंबरात आला तेव्हा कोल्हापूरला जाऊन पाहिला होता, हिंदीतला, लेक चार वर्षांची, निळा झगा घालूनच आलेली आणि त्या झग्याची टिकली खाली पडली म्हणून इंटरव्हलभर खुर्च्यांखाली शोधाशोध. प्रियांका चोप्रा एल्सा आणि परिणीती ॲना, त्या खऱ्याही चुलत बहिणी. पोरांना त्यातलं फार काही कळत नव्हतं, ते चार भूत-आत्मे, ती अहतोहालन का काय ती हिमनदी, आईचा आवाज, आजोबांचं पाप. पोरं हसली ती ओलाफवर, त्या बर्फाच्या बाहुल्यावर, तो त्या सैनिकांना पहिल्या सिनेमाची अख्खी गोष्ट एकट्याने करून दाखवतो तेव्हा. आणि तोच ओलाफ गुहेत ॲनाच्या हातात भुरभुर उडून संपतो तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा असा रडला की त्याच्या आजीने त्याला उचलून बाहेरच नेलं. माझी नाही रडली. मी रडले, पण ओलाफसाठी नाही. ॲना तिथे एकटी उरते ना, एल्सा गेलीय हे तिला तिथेच कळतं, आणि ती उठून एकेक पाऊल टाकत बाहेर येते. ते वर्ष आमच्याकडे पण तसंच होतं. जाऊदे.

तेव्हापासून माझं ठरलेलं, मी ॲना. मागे राहिलेली. सगळे म्हणतात शेवटी ॲना राणी झाली म्हणजे तिचं भलंच झालं. राणी म्हणजे काय हो? घरपट्टी, लाईट बिल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, आईचा दुसरा मोतीबिंदू, गणपतीत कोणाकडे किती दिवस. एल्सा घोड्यावर बसून पाण्यावरून जातेय, आणि ॲना राजवाड्यात, टाकी भरली का बघतेय. पंधरा वर्षं मी मनातल्या मनात हेच म्हणतेय की ताई गेली, ताई मला टाकून गेली, आणि बरं गेली कुठे तर मस्कतला, जिथे बर्फ फक्त सरबतात. हे सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. आता ही म्हणते, एल्सा तर तूच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा दीडच्या स्पीडने ऐकलं, म्हटलं फास्ट ऐकून कमी लागतंय का बघू. नाही लागलं कमी.

कारण दार मीच लावलं होतं ना. मधल्या खोलीचं. दादांच्या त्या वर्षी माझी बारावी होती आणि मी कडी लावून बसायचे, काचेला आतून पेपर चिकटवला होता, अर्धा फाटलेला, खेळाचं पान, त्यातून बाहेरचा उजेड पिवळा यायचा. अभ्यास करतेय असं सगळे म्हणायचे. अभ्यास कसला, पुस्तक उघडं आणि मी खालच्या फटीकडे बघत बसलेली. ताई यायची. हाताने नाही, बांगडीने टकटक करायची, दोनदा, थांबून एकदा. मी उत्तर द्यायचे नाही. मग स्टीलची ताटली फरशीवर ठेवल्याचा आवाज, आणि तिचे पाय फटीतून थोडा वेळ तसेच दिसायचे, मग जायचे. रात्री दार उघडलं की ताटलीत पोहे, गार, कडक झालेले, वर लिंबाची फोड सुकून वाकडी झालेली. किती दिवस हे चाललं मला आठवत नाही. हे मी विसरलेच होते किंवा मला ते ताईच्या बाजूने कधी आठवलंच नव्हतं. दाराच्या या बाजूने बंद म्हणजे नुसतं बंद असतं हो. त्या बाजूला कोण उभं आहे ते फटीतून घोट्यापर्यंतच दिसतं.

आणि दादा गेल्यावर मी तिला काय बोलले होते ते इथे लिहिणार नाही.

नवऱ्याला सांगायला गेले तर त्याचं भलतंच. तो कराडचा. त्याला हा सिनेमा आवडत नाही तो धरणामुळे. म्हणे असं कुठं असतंय का, आजोबाने फसवून बांधलेलं धरण नातीने दगडी राक्षसांकडून फोडून घ्यायचं आणि पाण्याचा लोंढा गावावर येतोय म्हणताना थोरलीने येऊन बर्फाने अडवायचा, गावाला साधा चिखल सुद्धा नाही. कोयनेच्या खाली राहिलेल्या माणसाला हे सांगू नका. मी म्हटलं अरे बऱ्याच लोकांचं हेच म्हणणं आहे, केलेल्या चुकीची किंमत मोजायची तर गाव तरी जायला पाहिजे होतं, आणि काहींनी त्या धरणावरून नॉर्वेतल्या आल्टा नदीच्या धरणाची आठवण काढली, तिथल्या मूळच्या सामी लोकांनी केवढं आंदोलन केलं होतं. सिनेमातले जंगलातले ते लोक सामींवरूनच घेतलेत, रीतसर करार झाला त्यांच्याशी, आणि त्यांच्या उत्तर सामी भाषेत, जी बोलणारी माणसं वीस-पंचवीस हजार असतील, हा सिनेमा डब केला. तो म्हणाला हे चांगलं केलं. मग म्हणाला, पण तू रडतेस कशाला? मी म्हटलं धरणासाठी.

आवडला नाही आवडला नाही म्हणत या सिनेमाने पहिल्यापेक्षा जास्त कमावले, जवळजवळ दीड अब्ज डॉलर. पहिल्याला दोन ऑस्कर, याला एक पण नाही. पण नावं ठेवणारेच परत जाऊन बघून आले असणार, मी स्वतः दोनदा पैसे भरलेत. आता तिसरा २०२७ ला येणार म्हणतात. लेक म्हणते तोपर्यंत मी मोठी झालेली असेन, मला नाही आवडणार. मग विचार करून म्हणाली, तू आणि मावशी जावा.

तिला सहज विचारलं, एल्सा जंगलात राहिली ते तुला कसं वाटतं? ती टॅबवरून मान न उचलता म्हणाली, "राहिली म्हणजे काय, जवळच तर आहे, शुक्रवारी येते ना डम शराज खेळायला. ॲना चिठ्ठी पाठवते की वाऱ्यावरून, उशीर करू नको म्हणून." हे मी दोन वेळा थेटरात आणि घरी अगणित वेळा पाहिलंय. आणि चिठ्ठी एल्साने पाठवली असंच मी धरून चालले होते. ॲना पाठवते. बोलावते ती ॲना, आणि जंगलात बसून वाचते ती एल्सा. आमच्यात चिठ्ठी कोण पाठवतं हे फोनमध्ये वर सरकवून बघितलं. हिरवं सगळं माझ्या बाजूला 'हम्म' आणि 'ओके' आणि 'नंतर बोलते'. बाकी सगळं तिचं.

बरं नशीब. म्हणजे राणी ती, आणि टाकी पण मीच भरायची. हे कुठलं राज्य.

आज शुक्रवार, मस्कतला सुट्टी. मीच केला फोन. तिला वाटलं आईला काहीतरी झालं. नाही म्हटलं, असाच केला. मग इकडचं तिकडचं झालं, गच्चीचं झालं, नोटचा विषय तिने काढला नाही, मी पण नाही. ठेवायच्या आधी विचारलं, ताई, ते पोहे तू करायचीस का आई, माझ्या दाराशी ठेवायचे ते?

पलीकडे थोडा वेळ काही नाही.

"पोहे कुठले? मला तेव्हा पोहे येत होते का? उपीट असायचं ते."

उपीट. अगं मग तर ते अजूनच घट्ट झालेलं असणार.

"दगड व्हायचा," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मीच खायचे."