खणाचा बोर्ड

आमच्या घरात कागद फ्रिजवर राहायचे. लाइट बिल, मुलाच्या शाळेची सूचना, डॉक्टरांची चिठ्ठी, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, सगळं चुंबकाखाली. दार जरा जोरात लावलं की अर्धे कागद फ्रिजखाली. टाचण्यांचा बोर्ड मला नको होता. लहान मूल असलेल्या घरात टाचण्या नकोतच, आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्सला तरी किती भोकं पाडणार? म्हणून कापड ताणून त्यावर तिरक्या रिबिनींची जाळी केलेला बोर्ड करायचा ठरवला. कागद नुसता रिबिनीखाली सरकवायचा.

बहुतेक जण यासाठी थर्माकोल नाहीतर सॉफ्टबोर्ड घेतात. आमच्या गल्लीत सोफे दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी दोन्ही मोडीत काढलं. "ताई, हे सगळं काम ताणाचं आहे. सॉफ्टबोर्डात पिन धरत नाही आणि थर्माकोल ओढलं की वाकतं. प्लाय घ्या." प्लायच्या दुकानात 8 बाय 4 फुटांच्या अख्ख्या शीटमधून उरलेले तुकडे असतात, त्यातून 3 बाय 2 फुटांचा, 6 मिमी जाडीचा तुकडा कापून घेतला. मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, घेतला तर उत्तम, पण आतल्या भिंतीवर साधा कमर्शियल चालतो. मुंबईत खरा प्रश्न भिंतीचा. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल येते, तिथे काहीही टांगा, मागून बुरशी धरणारच.

कापड मी दादर पश्चिमेहून खणाचं घेतलं. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी. माझ्या कापडाचा 31 इंच निघाला. बोर्डची उंची 24 इंच, मागे वळवायला दोन्हीकडे 3-3 इंच, म्हणजे 30 इंच. बसलं, पण जेमतेम. लांबीला 36 अधिक 6 म्हणजे 42 इंच, आणि मीटर भरतो साडेएकोणचाळीसच्या आत, म्हणून सव्वा मीटर घ्यावं लागतं. दुकानदार "एका मीटरमध्ये होईल" म्हणेल, ऐकू नका. आत भरायला कापूस नको, तो दमट हवेत बसतो. पॉलिस्टरची फायबर शीट घ्यायची, अर्धा इंच जाडीची.

रिबिनीचा हिशेब आधी कागदावर करावा. 36 आणि 24 या दोघांनाही 6 ने भाग जातो, म्हणून चारही कडांवर दर 6 इंचांवर खूण केली आणि खुणा तिरक्या रेघांनी जोडल्या. दोन्ही दिशांच्या रेघा धरून, मागे वळवायचं टोक मिळवून, 13 मीटरच्या आसपास रिबीन लागते. भुलेश्वरच्या बाजारात गुंडाळीच घेणं परवडतं. (तिथे गेलात की लेस बघत बसू नका. मी बसले.) रेघा एकमेकींना आत 39 ठिकाणी छेदतात, म्हणजे 39 बटणं. खालून कडी असलेली, वर कापड चढवलेली बटणं घ्यायची. खणाच्या कडेचा उरलेला तुकडा दिला की दुकानातल्या मशीनवर लगेच करून देतात.

आता मुख्य गोष्ट, आणि ही काकांची. कापड लावण्याआधी, नुसत्या प्लायवरच रेघा मारून छेदाच्या प्रत्येक जागी ड्रिलने बारीक भोक पाडायचं. कापड चढल्यावर भोक पाडायला गेलं की ड्रिलच्या पात्याभोवती फायबर आणि खणाचे धागे गुंडाळले जातात.

मग जमिनीवर खण उलटा अंथरायचा, त्यावर फायबर, त्यावर प्लाय. टॅकरला (पिना ठोकायची हातातली बंदूक) 6 मिमीच्याच पिना; 8 मिमीच्या घेतल्या तर टोकं पुढून कापडाला लागतात. पहिली पिन वरच्या कडेच्या मध्यावर, दुसरी तिच्या समोर खालच्या कडेच्या मध्यावर, मग डावी-उजवी. त्यानंतर मध्यापासून कोपऱ्याकडे, समोरासमोर एकेक. एक कड पूर्ण करून दुसरीकडे गेलं की कापड तिरकं ओढलं जातं, आणि खणात ते लपत नाही, कारण बुट्ट्यांची ओळ फळीच्या कडेशी समांतर नसली तर दारातूनच दिसतं. मी चार-पाच पिना मारल्या की फळी उलटून ओळ बघायचे. कोपऱ्यांना जादा कापड कापून टाकायचा मोह होतो. कापू नका, पाकिटाच्या घडीसारखं दुमडून पिन मारा.

रिबिनी मागून पक्क्या करायच्या, पुढून हाताने ओढून. ताण इतकाच की खाली पोस्टकार्ड सरकलं तर अडकून राहावं आणि कापडावर रिबिनीचा वळ उमटू नये.

बटणांना दाभण लागते. मागून भोकातून दाभण घालायची, दोन रिबिनींच्या छेदातून वर काढायची, बटणाच्या कडीतून ओवून त्याच भोकातून परत. नायलॉनचा दोरा ओढून मागे गाठ, आणि दोऱ्यावर दोन पिना. हे काम कंटाळवाणं आहे, मी ते टीव्ही लावून केलं. मागचे पसरलेले दोरे झाकायला मांजरपाटाचा तुकडा लावला आणि चारही कोपऱ्यांना रबराची बुटं, म्हणजे भिंत आणि बोर्ड यांच्यामध्ये हवा खेळते. बोर्डचं वजन दोन-अडीच किलो होतं. काँक्रीटच्या भिंतीत दोन प्लग ठोकून कड्यांवर टांगला.

पैशांचं म्हणाल तर तयार बोर्ड स्वस्त पडला असता. खण, बटणं, टॅकर, सगळं धरून माझा खर्च जास्तच झाला, पण टॅकर आता घरात आहे आणि जेवणाच्या खुर्च्यांच्या गाद्या तिच्याकडे बघतायत.

सासूबाईंना कालनिर्णयही बोर्डवरच हवं होतं. ते रिबिनीला पेलत नाही. त्याचा जुना खिळा शेजारीच ठेवलाय.