ओगलबेचे दिवे आणि अण्णा

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी व्हीलिंगच्या ओगलबे उद्यानातले नाताळचे दिवे बघायला जाऊ नका. मंगळवारी जा, बुधवारी जा, थंडी जास्त असली तरी चालेल. शनिवारी सगळा मुलूख तिथे लोटलेला असतो. तुमच्या मागे एक गाडी, तिच्या मागे दुसरी, आणि जिथे थांबावंसं वाटतं नेमकं तिथेच थांबता येत नाही. मला त्याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हे लिहितेय.

आम्ही पिट्सबर्गच्या दक्षिणेला राहतो. आई-अण्णा कराडहून सहा महिन्यांसाठी आले होते. दिवाळी झाली, झाडं उघडीबोडकी झाली आणि पाचच्या ठोक्याला अंधार पडायला लागला, तसा आईचा जीव घरात घुसमटायला लागला. व्हीलिंग आमच्यापासून तासाभरावर. ७९ नंबरच्या हायवेनं खाली वॉशिंग्टन गावापर्यंत, तिथून ७० नंबरनं पश्चिमेला वळलं की वेस्ट व्हर्जिनिया लागतं. सकाळी निघून आधी न्यू वृंदावनला गेलो. इस्कॉनच्या प्रभुपादांना राहण्यासाठी म्हणून भक्तांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला तो सोन्याचा महाल. ते १९७७ मध्ये गेले आणि महाल खुला झाला १९७९ मध्ये. आईनं मंदिरात डोळे भरून दर्शन घेतलं, प्रसाद झाला. अण्णांना मात्र ओहायो नदीतून दगडी कोळसा घेऊन सरकणारे लांबच लांब तराफे जास्त आवडले. "ह्याच्यावरच चालत असतील बघ इकडची पॉवर हाउसं," म्हणाले.

अण्णा वीज बोर्डात लाइनमन होते. चौतीस वर्षं.

ओगलबे हे मूळचं एका खाणमालकाचं शेत. अर्ल ओगलबे १९२६ मध्ये वारले तेव्हा त्यांनी ती सगळी इस्टेट व्हीलिंगच्या लोकांच्या नावे करून ठेवली, आणि आज तिथे डोंगरउतारावर पसरलेलं मोठं उद्यान आहे. हिवाळ्यात तिकडे कुणी फिरकेना म्हणून १९८५ पासून नाताळात दिवे लावायला सुरुवात झाली. सहा मैलांचा रस्ता, म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर, आणि सगळं गाडीत बसूनच बघायचं.

गाडीतून बघायचे दिवे हा प्रकार मला पूर्वी पटायचा नाही. थंडी असली म्हणून काय झालं, माणसानं उतरून चार पावलं चालावं, असं वाटायचं. आईचे गुडघे गेल्यापासून माझं मत बदललं. कराडला दसऱ्या-दिवाळीत गर्दीत नेता येत नाही म्हणून ती घरीच बसते. इथे ती पुढच्या सीटवर शाल गुंडाळून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसली होती आणि तिच्या अंगावरून हिरवा, लाल, निळा उजेड सरकत होता. बर्फाच्या पाकळ्यांच्या कमानींचा बोगदा आला तेव्हा तिनं हात जोडले. का जोडले ते मी विचारलं नाही.

पण त्या बोगद्यापर्यंत पोचायलाच दीड तास लागला. हायवेवरून उतरून ८८ नंबरच्या रस्त्याला लागलो आणि तिथूनच रांग. म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्या रांगेत शिरण्याआधी बाथरूमला जाऊन या, हे मी कळवळून सांगते. आईनं तो दीड तास कसा काढला ते तिचं तिला माहीत. चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही, आणि ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

मागच्या सीटवर अण्णा आणि माझा आठ वर्षांचा लेक. लेकाला डायनासोर हवे होते, ते मिळाले. अण्णांचं लक्ष चित्रांकडे नव्हतंच. ते अंधारात बघत होते. केबल कुठून आणलीय, जमिनीलगत पेटी कुठे बसवलीय, सांगाड्याला माळ कशानं बांधलीय. लेकानं विचारलं, "आजोबा, एक दिवा गेला तर सगळे जातात?" मग अण्णांची कळी खुलली. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणून सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एका ओळीत. इकडे १२०, म्हणून अडीच व्होल्टचे पन्नास. ओळीतला एक जरी निसटला तरी पुढचा रस्ता तुटला. आमच्या अंगणातल्या माळेच्या खोक्यावरचे आकडे त्यांनी आठवडाभर आधीच वाचून ठेवले होते. आता सगळीकडे एलईडी आल्यामुळे लोड किती उतरला असेल, याचाही हिशेब त्यांनी बोटांवर केला.

नाताळच्या बारा दिवसांचा देखावा मागे पडला आणि एका वळणावर, रस्त्यापासून दहा-बारा हातांवर, एक माणूस गवतात गुडघ्यावर बसलेला दिसला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. आदल्या रात्री वारा सुटला होता, त्यात सैल झालेली माळ तो जोडत असावा. दोन्ही हात कामात, म्हणून बॅटरी तोंडात धरलेली.

"थांबव. अगं, थांबवा की गाडी जरा!"

अण्णांनी काच खाली घेतली. बर्फासारखा वारा आत घुसला. नवरा म्हणाला, "अण्णा, मागं रांग आहे, इथं थांबता येत नाही." मागच्यानं हॉर्न दिलाच. अण्णांनी हात बाहेर काढला आणि वर केला. त्या माणसानं बघितलं की नाही कोण जाणे. त्याचा चेहरा आमच्याकडे नव्हता. वळण सरलं तरी अण्णा मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिले.

मला आमची कराडची लक्ष्मीपूजनं आठवली. त्या संध्याकाळी घराघरांत माळा लागायच्या, लोड वाढायचा आणि डीपीवर फ्यूज उडायचा. चौरंग मांडलेला, आई लाह्या-बत्तासे काढतेय, आणि दारात हाक, "लाइट गेली ओ!" अण्णा नवा शर्ट काढून खुंटीला लावायचे, खाकी घालायचे, सायकलला पकड-टेस्टरची पिशवी अडकवायचे. आमच्या आळीतले दिवे परत यायचे तेव्हा पोरं ओरडायची, "आलीऽऽ!" मी ओरडायची नाही. लाइट आली म्हणजे अण्णा अजून खांबावर आहेत, खाली उतरायला वेळ आहे, एवढंच मला कळायचं. पूजा आई करायची. मग ती न जेवता बसून राहायची. मी चिडायची, अण्णांवर आणि त्या गाववाल्यांवरही. एका वर्षी मी त्यांना म्हणाले होते, "तुम्हाला आमच्यापेक्षा लोकांचे दिवे जास्त आवडतात." त्यांनी उत्तर दिलं नाही. तेव्हा मी लेकाएवढीच असेन.

बाहेर पडण्याच्या फाट्याशी अण्णा म्हणाले, "अजून एक फेरी मारायची का गं?"

मी नाही म्हणाले. पुन्हा दीड तास रांग, आई अवघडलेली, लेक पेंगुळलेला. कारणं सगळी खरी होती. अण्णा "बरं बरं" म्हणाले आणि काच वर केली. ते "बरं बरं" मला पिट्सबर्गपर्यंत पुरलं.

रविवार-सोमवार कसे गेले आठवत नाहीत. मंगळवारी ऑफिसमधून लवकर निघाले आणि अण्णांना म्हटलं, स्वेटर घाला. आई म्हणाली, "जा तुम्ही दोघं, मी आमटी टाकते." कुठे चाललोय ते त्यांनी विचारलं नाही, ७० नंबर लागल्यावर समजलं असावं, कारण खिशातून चष्मा काढून पुसायला लागले.

रांग नव्हती. फाटकातून सरळ आत. बोगदा, डायनासोर, बारा दिवस, सगळं आम्ही नुसतं ओलांडलं. ते वळण आलं. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. मी गाडी अगदी कडेला घेतली आणि उभी केली. अण्णांनी काच खाली घेतली. गवतात कुणीच नव्हतं. माळ सबंध पेटलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. पुढे झुकून, चष्मा वर-खाली करून.

"कुठं जोडली होती, सापडंना बघ," ते म्हणाले. "झ्याक काम केलंय गड्यानं."

मी विचारलं, "अण्णा, लक्ष्मीपूजनाला तुम्हाला घरी थांबावंसं नाही का वाटायचं?"

"वाटायचं की," ते म्हणाले. "खांबावरून आपलं घर दिसायचं. तुझी आई पणत्या लावायची, त्या मोजायचो मी."

मग त्यांनी काच वर केली. "चल. जेवायची थांबली असेल ती."